मुराळ्याचं जहाज

आखाजीला आठ दिवस उरले होते आणि भावाचा फोन आला नव्हता.

दरवर्षी तो पंधरा दिवस आधी फोन करतो. इकडचं तिकडचं काही नाही, एकच वाक्य. "अक्का, कवय येऊ लेवाले?" कधी येऊ न्यायला, एवढंच. मी मुद्दाम आढेवेढे घेते. पेपर तपासायचेत, मुलीचा क्लास आहे, ह्यांना सुट्टी मिळत नाही. तो सगळं ऐकून घेतो आणि ठरलेल्या दिवशी सकाळी जळगावात माझ्या दारात हजर होतो. लग्नाला एकवीस वर्षं झाली, एक आखाजी चुकली नाही. बाकीच्या महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्या खानदेशात तो लेकींनी माहेरी जायचा दिवस. आणि आपल्या पायानं जायचं नसतं. न्यायला कोणीतरी यावं लागतं. पुस्तकात त्याला मुराळी म्हणतात, आम्ही घरी मुराई म्हणायचो. आजकाल बायका सरळ एसटीत बसून एकट्या जातात, कोणाला वेळ आहे एवढा. आमच्या घरात मात्र ते अजून चालत नाही.

वडील आधीच गेले होते, आईला जाऊन तीन वर्षं झाली. आता माहेर म्हणजे तो एकटा. तो न्यायला आला तर मला माहेर आहे. नाही आला तर दोन-अडीच तासांवर एक गाव आहे, बस.

फोन का येत नाही ते मला माहीत होतं. मी त्याला मारलं होतं.

खरंखुरं नाही. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, आणि चार वर्षांपासून पुण्यातल्या एका कंपनीच्या अ‍ॅपसाठी ऐकायची मालिका लिहिते. मालिकेत तारे आहेत, ताऱ्यांवर राज्य करणारी दोन घराणी आहेत, त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं युद्ध आहे, आणि एक कॅप्टन आहे. तो कॅप्टन म्हणजे माझा भाऊ. नाव वेगळं, हुद्दा मोठा, पण बोलणं, चालणं, उत्तर द्यायच्या आधी थांबणं, सगळं त्याचं. दोन रविवारांमागच्या भागात मी त्या कॅप्टनचं जहाज उडवलं. स्फोटाचा आवाज तर फार सुरेख जमला होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या येरझाऱ्या सुरू झाल्या. शाळेला सुट्टी, बाहेर रणरणतं ऊन, घरात कूलरची घरघर, आणि मी स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून गॅलरीत. हातात फोन. भाजी करपली, दूध उतू गेलं. मुलगी म्हणाली, "आई, एका जागी बस ना, तुला बघून मला गरगरतंय." मी तिच्यावर खेकसले. हे म्हणाले, "एवढं आहे तर तूच कर ना फोन." मी त्यांच्यावरही खेकसले. मी का करू? मी मोठी आहे, आणि बोलावणं तिकडून यायचं असतं. तोंडानं मी असं म्हणत होते, पण खरं म्हणजे मला भीती वाटत होती. फोन केला आणि त्यानं उचललाच नाही तर?

मी जे लिहिते त्याला स्पेस ऑपेरा म्हणतात हे मला चाळिशीत कळलं. पुण्याच्या निर्मात्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "ताई, हा शुद्ध स्पेस ऑपेरा आहे." मला वाटलं, हा आता गाणी घालायला सांगणार. मग त्यानं समजावलं, मोठा पट, राज्यं, आरमारं, प्रेम, दगाफटका, हे सगळं अंतराळात. "म्हणजे अंतराळातली भाऊबंदकी," मी म्हटलं. तो खो खो हसला आणि ते वाक्य त्यानं जाहिरातीत घातलं. मला विचारलंसुद्धा नाही.

विज्ञानकथेतली जाणकार मंडळी या प्रकाराला नाक मुरडतात. त्यांचंही चूक नाही. मी सकाळी वर्गात शिकवते की निर्वात पोकळीत आवाज प्रवास करत नाही, आणि संध्याकाळी मिक्सरमध्ये चणाडाळ फिरवून जहाजाचं इंजिन रेकॉर्ड करते. निर्मात्याला एकदा म्हटलं, अंतराळात स्फोट ऐकू येणार नाही. तो म्हणाला, "ताई, पण आपल्या लोकांनी पैसे ऐकण्यासाठी भरलेत." माझ्या मते फरक एवढाच आहे की विज्ञानकथा विचारते, असं झालं तर काय होईल? आणि स्पेस ऑपेरा विचारतो, कोण कोणावर रुसलंय? त्यासाठी एवढं अफाट आकाश लागतं, कारण रुसवा मोठा असला की त्याला एक गाव पुरत नाही.

आम्हाला हे वेड लागलं ते किराणा दुकानातून. आमचं गाव पारोळा आणि धुळ्याच्या मधे, हमरस्त्यापासून थोडं आत. गावात मारवाडी शेठजींचं दुकान होतं. रद्दीत आलेल्या हिंदी कॉमिक्सची पानं फाडून ते पुड्या बांधायचे. त्यामुळे शेंगदाण्यांबरोबर कोणता ग्रह घरी येईल ते आपल्या हातात नव्हतं. एकदा गुळाबरोबर राजकन्येचं अपहरण आलं, आणि तिची सुटका आली सहा महिन्यांनी, हिंगाबरोबर. मधलं सगळं मी आणि भावानं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, पडून भरून काढलं. मी दहा वर्षांची, तो आठ.

मग टीव्ही आला, शेजारच्या नानांकडे. रविवारी सकाळी अंतराळयानांची एक मालिका लागायची. जहाजाच्या भिंती पुठ्ठ्याच्या, कोणी दार जोरात लावलं की मागचे तारे हलायचे. पण चित्र टिकायचं नाही, म्हणून भाऊ वर धाब्यावर अँटेना धरून उभा राहायचा आणि मी खालून ओरडून सांगायचे, काय चाललंय ते. म्हणजे ती मालिका त्यानं एकही दिवस पाहिली नाही, नुसती ऐकली, माझ्या तोंडून. आणि मी दिसेल तेवढंच सांगत होते असंही नाही. कंटाळवाणा भाग आला की पदरचं घालायचे. पुष्कळ वर्षांनी त्यानं ती मालिका फोनवर शोधून पाहिली आणि मला म्हणाला, "अक्का, यामा तं काहीच नही." तेव्हा मला हसू आवरेना.

कॉलेजात असताना धुळ्याच्या टॉकीजमध्ये हिंदीत डब केलेला पहिला मोठा अंतराळपट पाहिला. आवाजानं खुर्च्या हादरत होत्या. मी भारावून बाहेर आले. भाऊ मात्र म्हणाला, "एवढा मोठा सम्राट शे, आन्‌ याना घर एक बी बाई नही?" मी म्हटलं, मेल्या, तुला एवढंच दिसलं? पण नंतर मला त्याचं म्हणणं पटलं. पडद्यावर आरमारं होती, तलवारी होत्या, पण कोणाला बहीण नव्हती, कोणाच्या घरी सण नव्हता, कोणी कोणाकडे चार दिवस राहायला जात नव्हतं. एवढं युद्ध लढायचं ते कशासाठी तेच कळत नव्हतं.

पुढं मी जळगावात बी.एड. करत होते आणि तो तिथंच आयटीआयला आला. सायबर कॅफेत ग्रह जिंकायचा एक गेम होता. बाकीची मुलं आरमारं बांधायची, हा ग्रहाग्रहांमध्ये रस्ते बांधत बसायचा. कोणी हल्ला केला की पाच मिनिटांत हरायचा आणि वर तोंड करून विचारायचा, मी एवढे रस्ते बांधले त्याचं काय? मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, त्याला तेवढंच येत होतं आणि ते वाईट नव्हतं.

आमचा स्वतःचा खेळ या सगळ्यांच्या मधल्या फटींत वाढला. ग्रहांची नावं आम्ही एसटीच्या पाट्यांवरून घेतली. यावल म्हणजे घनदाट जंगलाचा ग्रह, कारण तिकडून येणाऱ्या ट्रकमधून केळीची पानं लोंबायची. पहूर सगळ्यात लांबचा, कारण आमच्यातलं कोणी तिथं गेलंच नव्हतं. लग्नानंतर गेले मी. स्टँड आहे, चहा बरा मिळतो. आरमार कसं चालतं ते भावानं ठरवलं. आमच्या यात्रेत बारा गाड्या एकामागं एक बांधतात, माणसांनी खच्चून भरतात, आणि देवाचा भगत त्या ओढतो. भाऊ म्हणाला, जहाजंही तशीच जातात, इंजिन फक्त पुढच्याला, बाकी अकरा मागं बांधलेली. माझ्या मालिकेत आजही आरमार असंच जातं, आणि एक निवृत्त इंजिनियर दर महिन्याला मेल पाठवून मला भौतिकशास्त्र शिकवतात.

आणि एक कायदा होता, तोही भावाचाच.

आमची आत्या यावलकडे दिलेली. दर आखाजीला वडील तिला आणायला जायचे. एका वर्षी दोन्ही घरांत काहीतरी बिनसलं. काय ते आम्हाला कोणी सांगितलं नाही, अजून माहीत नाही. वडील गेले नाहीत. भाऊ तीन दिवस त्यांच्या मागं मागं फिरत होता, "आत्याले कवय आनतस?" चौथ्या दिवशी वडिलांनी त्याच्या थोबाडीत दिली. आत्या त्यानंतर आलीच नाही. थेट वडील वारले तेव्हा आली, आणि त्यांना पोचवून झाल्यावर पाणीसुद्धा न घेता परत गेली.

थोबाडीत खाल्ली त्याच संध्याकाळी भाऊ धाब्यावर मला म्हणाला, "मुराईना जहाजवर कोनी गोयी मारानी नही. कितीबी मोठी लढाई ऱ्हावो." मुराळ्याच्या जहाजावर गोळी झाडायची नाही, हा तो कायदा. मी लगेच फाटे फोडले. मग शत्रू लढाईची जहाजं मुराईची म्हणून नाही का पाठवणार? त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच शत्रू आहे. "असं कोनी करस का?" म्हणाला.

मालिका सुरू केली तेव्हा मी त्याला विचारलं नव्हतं. खेळ दोघांचा, पण मानधन आणि नाव माझं. पहिला भाग आला त्या रात्री त्याचा फोन आला. तो म्हणाला, "अक्का, बारागाड्या बराबर लिध्यात तू." एवढंच. तेव्हापासून धुळ्याच्या त्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दर रविवारी मालिका स्पीकरवर लागायची. आजूबाजूचे दुकानदार ऐकायला यायचे आणि हा त्यांना सांगायचा, तो कॅप्टन म्हणजे मीच.

यंदा निर्मात्यानं सांगितलं, "सीझनच्या शेवटी कोणीतरी मोठं माणूस गेलंच पाहिजे, ताई. लोक हादरले पाहिजेत." माझ्याकडे मरायला लायक असे सात-आठ जण होते. एक म्हातारा सेनापती तर दोन वर्षं मरायच्या तयारीत बसला होता. मी एक मिनिटही विचार केला नाही, कॅप्टनचं नाव सांगून टाकलं. मग भाग लिहिला तो असा. सणासाठी युद्ध थांबलंय. कॅप्टन एकटाच, एका जहाजात, बहिणीला आणायला निघालाय. बहीण शत्रूच्या घराण्यात दिलेली, आता तिथली राणी. तिच्या किल्ल्यावरच्या लोकांना वाटतं, हे मुराळ्याच्या मिषानं आलेलं लढाईचं जहाज आहे. ते राणीला विचारतात. राणी क्षणभर थांबते, आणि तोफा सोडायला सांगते. निर्माता म्हणाला, अंगावर काटा आला.

तो भाग लिहायच्या दोन महिने आधी मी आणि भाऊ निबंधक कार्यालयात गेलो होतो. वडिलांच्या शेताचं हक्कसोडपत्र होतं. आमच्याकडं बहिणी सही करतात, त्यात विचारायचं असं काही नसतं. वाटा घेतला की माहेर तुटलं, असं सगळे धरूनच चालतात, बहिणीसुद्धा. भावानं तोंडानं मागितलं नव्हतं. चुलत्यांनी दिवस ठरवला, वकिलानं कागद तयार केला, मी शाळेतून रजा काढून गेले. कॅमेऱ्यासमोर बसले, अंगठा दिला, सही केली. हसत केली. बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला आणि मी बर्फ जास्त झाला म्हणून कुरकुरले. त्या सहीचा आणि कॅप्टनच्या मरणाचा काही संबंध आहे, असं त्या वेळी कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आखाजीला पाच दिवस उरले. मुलगी अ‍ॅपवरच्या प्रतिक्रिया वाचून दाखवत होती. पुणे-मुंबईची माणसं रडके चेहरे टाकत होती, त्यांना ते आवडलं होतं. पण आमच्याकडच्या कोणा बाईनं लिहिलं होतं, "मुराळ्याला मारतं का कोणी?" मुलीनं ते वाचलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी उठून कपडे वाळत घालायला गेले. कपडे आधीच वाळत घातलेले होते.

भर दुपारी मी निर्मात्याला फोन लावला, म्हटलं, कॅप्टनला परत आणू. त्यात अवघड काही नाही. या प्रकारात मेलेली माणसं परत येतच असतात. पुस्तकात जुळा भाऊ निघतो, कॉमिक्समध्ये तो मेलेलाच नसतो, सिनेमात पुढच्या भागापर्यंत थांबावं लागतं, गेममध्ये तर एका बटणाचं काम. निर्माता म्हणाला, "ताई, पुढच्या वर्षी बघू. आत्ता लोक रडतायत, रडू द्या." मी फोन पलंगावर आदळला.

तीन दिवस उरले तेव्हा मात्र राहवेना. घरात सांगितलं शाळेत काम आहे, आणि धुळ्याच्या गाडीत बसले. खिडकीतून झळा येत होत्या. एरंडोल गेलं आणि मला वाटू लागलं, हे मी काय करतेय? न बोलावता, आखाजीच्या तोंडावर? पारोळ्याला मी चक्क उतरले. जळगावची गाडी समोरच लागली होती. तिच्या पायरीवर पाय ठेवला, कंडक्टर म्हणाला, "या ताई," आणि मी पाय मागं घेतला. अर्धा तास स्टँडवर इकडून तिकडे फिरले, दोनदा पाणी प्यायले, दोनदा धुळ्याच्या गाड्या सोडल्या, तिसरीत बसले.

दुकानात तो एकटाच होता. एका फोनचं पोट उघडून त्यात डोकं घालून बसला होता. मला पाहून त्यानं स्टूल पुढं सरकवलं.

"बस अक्का. पानी ले."

त्याच्याशी बोलताना माझी शाळेतली मराठी गळून पडते. मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "फोन का बरं नही करा?"

तो म्हणाला, "तू येवाव नही, मंग फोन कशाले करू?" मी येणार नाही, असं त्यानं धरूनच ठेवलं होतं.

"कोन सांगं तुले, मी येवाव नही?"

"तूच सांगं ना. एपिसोडमा." त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मुराईले मारी टाकं तू. तोफा बहीननीच सोड्यात. मी समजनू, अक्का म्हनस, आते येऊ नको."

मी पंधरा दिवस समजत होते की तो रागावलाय. त्याला राग आलाच नव्हता. त्याला निरोप पोचला होता. शेजारचे दुकानदार त्याची थट्टा करत होते, "तुनी बहीननी तुले उडाई दिनं!" आणि हा थट्टा ऐकत, तो निरोप गिळून, मुकाट्यानं फोन दुरुस्त करत बसला होता.

"अरे, ती गोट शे," मी म्हटलं. गोष्ट आहे रे ती, नुसती गोष्ट.

"तुनी कोनतीच गोट नुसती गोट नही ऱ्हास."

मी त्यानं पुढं केलेल्या स्टुलावर बसले. राणी क्षणभर थांबते, असं मी लिहिलं होतं. त्या क्षणात ती काय विचार करते ते मी लिहिलं नव्हतं, कारण मला तेव्हा ते माहीत नव्हतं. आता माहीत झालं, त्या दुकानात, आणि मला स्वतःची लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे त्या सहीचा राग गेलाच नाही, तो तिथंच होता, फक्त आता मला दिसत होता.

"मंग? येवानं शे का?" त्यानं विचारलं.

"येवानं शे."

"मंग घर जाय. मी सकाय येस लेवाले."

म्हटलं, आते आठेच शे ना मी, आठूनच येस तुन्हासंगे. वीस-पंचवीस मिनिटांवर गाव, आणि मी उलटी जळगावला जाऊ? तो मान हलवून म्हणाला, "असं नही चालस." मग पुन्हा त्या फोनच्या पोटात डोकं घातलं. आणि मी, पंचेचाळीस वर्षांची बाई, विज्ञानाची शिक्षिका, तापलेल्या एसटीत बसून पुन्हा जळगावला परत गेले, कशासाठी तर दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं मला न्यायला कोणीतरी यावं म्हणून. ह्यांना सगळं सांगितलं तर ते म्हणाले, तुम्ही दोघंही ठार वेडे आहात. त्या रात्री मला झोप लागली.

सकाळी नऊला तो दारात. धुतलेला शर्ट, हातात आंब्यांची पिशवी. मुलीचा क्लास होता, ती आणि हे दोन दिवसांनी येणार होते. आम्ही दोघं गाडीत बसलो. त्यानं दुकानाच्या गोष्टी सांगितल्या, आखाजीचा झोका बांधलाय म्हणाला, भावजयीनं सांजोऱ्या केल्यात म्हणाला. आई गेल्यापासून आम्ही एकमेकांशी असंच बोलतो. जपून, घरात कोणी आजारी असल्यासारखं. मला ते अचानक सहन होईना. एरंडोलच्या अलीकडे मी मधेच म्हटलं, "माले ती सही करानी नव्हती."

एरंडोलचा स्टँड आला, माणसं उतरली, चढली, गाडी निघाली.

"माहीत शे," तो म्हणाला. "तवयबी माहीत व्हतं. म्हनीसन तं मी तुन्हाकडे देखं नही."

मला आठवलं, मी सही करताना तो भिंतीवरचा कागद वाचत उभा होता. मला वाटलं होतं, उकडतंय म्हणून पंख्याखाली गेलाय.

"आखाजी हुई जाऊ दे," तो म्हणाला, "मंग बोलूत."

"नही. आतेच बोल."

मग आम्ही बोललो, म्हणजे भांडलो. तो म्हणाला, तू तोंड का उघडलं नाहीस? मी म्हटलं, तू विचारलंस का? तो म्हणाला, चुलत्यांनी दिवस ठरवला. मी म्हटलं, चुलत्यांवर खापर फोडू नको, शेत तू पेरतोस. तो म्हणाला, रानात मी राबतो. मी म्हटलं, मी शाळेत काय झोपा काढते का? आवाज इतके चढले की पुढच्या बाकावरच्या एका आबांनी मागं वळून दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि कंडक्टर म्हणाला, घरी जाऊन भांडा. पारोळा कधी आलं ते कळलं नाही. पारोळ्यापासून फाट्यापर्यंतही आम्ही भांडतच होतो. गाडीतून उतरताना माझा घसा बसला होता आणि किती महिन्यांनी अंग हलकं वाटत होतं.

फाट्यापासून गाव दीड-दोन किलोमीटर. ऊन चढलेलं. त्यानं माझी पिशवी खांद्यावर टाकली आणि चालायला लागला. शंभर पावलं गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाला, "मंग किती वाटा पाहिजे तुले?"

"आर्धा," मी म्हटलं.

तो थांबला. मीही थांबले. त्यानं पिशवी खाली ठेवली नाही, पण पुढंही गेला नाही. रस्त्यावर एकही झाड नव्हतं आणि आम्ही दोघं तसेच उन्हात उभे होतो. मग तो माझ्याकडं वळला आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाला,

"चाल, घर चाल आधी."